पिल्लांची शिदोरी : प्रकल्प नोंदी, नाशिक, हिवाळा २०२४-२५

२४ नोव्हेंबर २०२४

पावसाळा सरून थंडी पडू लागली की नाशिकमध्ये कुत्र्याच्या पिल्लांचा हंगाम सुरू होतो. आडगाव, सातपूर, मखमलाबाद, नाशिकरोड, सगळीकडून फोन येतात. बांधकामावर पिल्लं आहेत, आई गाडीखाली गेली, आता काय करू? अशी पिल्लं आम्ही काही घरं मिळून सांभाळतो आणि आठ आठवड्यांची झाली की कायमच्या घरी पाठवतो.

दत्तक दिल्यानंतर पहिल्या आठवड्यात येणारे फोन मात्र बहुतेक एकाच विषयाचे असतात. "ताई, याचं पोट बिघडलंय." विचारत गेलं की क्रमही ठरलेला निघतो. आमच्याकडे पिल्लू भिजवलेलं कोरडं खाणं खात होतं. नव्या घरी पहिल्या रात्री कौतुकाने वाटीभर दूध-पोळी मिळाली. दुसऱ्या दिवशी दुकानातून वेगळ्याच खाण्याची पिशवी आली. शी पातळ झाली, तेव्हा "हे मानवलं नाही" म्हणून तिसरी पिशवी. मग दहीभात. मग शेजारच्यांनी सुचवलेली माणसांची जुलाबाची गोळी. आठवडा संपता संपता पिल्लू डॉक्टरांच्या टेबलावर असतं आणि नक्की कशाने बिघडलं ते कोणालाच सांगता येत नाही, कारण एकाच आठवड्यात सगळंच बदललेलं असतं.

या हिवाळ्यात यावर नीट काम करायचं ठरवलं आहे. पिल्लाबरोबर त्याच्या सवयीचं खाणं द्यायचं, दोन आठवडे पुरेल इतकं, आणि सोबत एक कागद. आमच्यातल्या एका आजींनी त्या पिशवीला शिदोरी म्हटलं, तेच नाव राहिलं. कागदावर काय लिहायचं ते या नोंदींतून ठरेल.

आडगावची चार पिल्लं आजच आली. दुधाचे दात फुटलेत, धडपडत चालतात. डॉक्टर मॅडमच्या अंदाजाने चार आठवड्यांची असावीत. टिपक्या, राणा, भुरी, चिंगी.

२६ नोव्हेंबर

चौघांचं वजन करून जंताचं औषध दिलं. चिंगीचं पोट फुगलेलं आणि फासळ्या मात्र दिसतात, म्हणजे शंकेला जागाच नव्हती.

गोलकृमी आईच्या शरीरातून नाळेवाटे पिल्लात उतरतात, पुढे दुधातूनही जातात. रस्त्यावरच्या आईचं पिल्लू बहुधा जंत घेऊनच जन्माला येतं. म्हणून हे औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करून आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला द्यायचं असतं. या चौघांचा पहिला डोस आधीच हुकलेला आहे.

खाणं बदलण्याच्या कामात ही नोंद कशाला, असं आमच्यातल्या एकीने विचारलं. जंत असताना शी पातळ राहतेच. त्याच काळात खाणंही बदललं तर सगळा दोष खाण्यावर जातो आणि जंत पोटात तसेच राहतात. कागदाची पहिली ओळ ठरली : जंताचं औषध कोणत्या तारखेला दिलं, पुढचं कधी.

२७ नोव्हेंबर

चिंगीच्या शीत शेवयांसारखे जंत पडले. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले, जागा कढत पाण्याने धुतली. या जंतांची अंडी माणसांच्या पोटातही जाऊ शकतात, त्यामुळे लहान मुलांच्या घरात हात धुण्याबद्दल वेगळं सांगायला हवं.

१ डिसेंबर

आज दुधाबद्दल, कारण सगळ्यात जास्त वाद याच्यावरून होतो.

"आमच्याकडे घरची म्हैस आहे, दुधाला काय कमी?" हे वाक्य दिंडोरी रोडच्या घरी ऐकलं, पिंपळगावलाही ऐकलं. माया खरी असते, म्हणून समजावूनही नीट सांगावं लागतं. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतात, तर दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, कमी असते. गाईचं किंवा म्हशीचं दूध दिलं की तेवढंच पोषण मिळवायला पिल्लाला कितीतरी जास्त लॅक्टोज पचवावं लागतं. त्यात आईचं दूध सुटायच्या वयात ते पचवणारं लॅक्टेज हे विकर आतड्यात कमी होऊ लागतं. न पचलेली साखर पुढे सरकते, स्वतःकडे पाणी ओढून घेते, मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात. पोट गुडगुडतं, वारा धरतो आणि शी पाण्यासारखी होते.

दह्यात लॅक्टोज दुधापेक्षा कमी असतं, म्हणून चमचाभर ताजं दही बऱ्याच पिल्लांना चालतं. दूध मात्र कागदावर सरळ "नको" या रकान्यात जाईल. पाण्यात दूध घालून पातळ करणं हाही उपाय नाही, त्याने पोषण तेवढं कमी होतं.

ही चार पिल्लं आता पिल्लांच्या कोरड्या खाण्यावर आहेत. ते कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, पसरट ताटलीत दिवसातून चार वेळा देतो.

४ डिसेंबर

डॉक्टर मॅडम संध्याकाळी दवाखाना आटोपून आल्या. खाणं हळूहळू बदला असं सगळेच सांगतात, पण आत काय घडतं म्हणून हळू, ते त्यांच्याकडून समजून घेतलं.

पिष्टमय पदार्थ, प्रथिनं आणि चरबी पचवायला स्वादुपिंडातून वेगवेगळी विकरं येतात आणि त्यांचं प्रमाण रोजच्या खाण्याप्रमाणे जुळलेलं असतं. खाण्याचा घाट बदलला तर हे प्रमाण बदलायला काही दिवस जातात. दुसरी गोष्ट आतड्यातल्या जिवाणूंची. जे खाणं रोज येतं त्यावर जगणारे जिवाणू तिथे वाढलेले असतात. अचानक वेगळंच काही आलं की जुने उपाशी राहतात, नवे अजून पुरेसे झालेले नसतात आणि मधल्या दिवसांत बरंच अन्न अर्धवट पचून खाली जातं. मोठं कुत्रं एवढं सोसून नेतं. पिल्लाची आतडी अजून घडत असतात, जिवाणूंची वस्तीही स्थिरावलेली नसते आणि अंगात पाण्याचा साठा थोडा. त्यामुळे मोठ्या कुत्र्याला एक दिवस त्रास देणारी गोष्ट पिल्लाला सलाइनपर्यंत नेऊ शकते.

आणखी एक गोष्ट त्यांनी ठासून सांगितली. मोठ्या कुत्र्याचं पोट बिघडलं तर एखादं जेवण वगळतात, पण पिल्लाला उपाशी ठेवायचं नाही. छोट्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा फार कमी असतो, काही तासांच्या उपवासाने रक्तातली साखर उतरते आणि ते थरथरत आडवं होतं. पाणी तर कधीच तोडायचं नाही. "लंघन" हा घरोघरचा उपाय आहे, त्यामुळे ही ओळ कागदावर ठळक हवी.

९ डिसेंबर

थंडी वाढली. निफाडकडचा पारा रोज पेपरात येतो. खोक्यात गोणपाट, वर जुनी शाल, बाजूला दिवा. आज आणखी एक बारकं पिल्लू आलं, डोळे जेमतेम उघडलेले, अंग गार. त्याला आधी ऊब दिली, दूध नंतर. गारठलेल्या पिल्लाचं आतडं जवळजवळ थांबलेलं असतं, तशात पाजलं तर दूध पोटात पडून राहतं किंवा उलटून श्वासनळीत जातं. अंग गरम झाल्यावर पिल्लांसाठीची दूध पावडर पाजली. ते सिडकोतल्या काकूंकडे राहील. रात्री उठून पाजायचं काम त्यांच्याइतकं नेमाने कोणी करत नाही.

१० डिसेंबर

चौघांना जंताचा पुढचा डोस. चिंगीचं पोट उतरलंय आणि खाल्लेलं आता अंगी लागतंय.

१३ डिसेंबर

आमच्याकडच्या खाण्याचा साठा संपत आला. नवी पिशवी वेगळ्या प्रकारची मिळाली आहे, म्हणजे बदल आम्हालाच करायचा आहे. कागदावरचा तक्ता आधी इथेच तपासून पाहता येईल.

तक्ता असा ठेवला : सुरुवातीला तीन भाग जुनं आणि एक भाग नवं, मग निम्मं-निम्मं, मग एक भाग जुनं आणि तीन भाग नवं, मग पूर्ण नवं. प्रत्येक पायरीला दोन ते तीन दिवस. शी पाहण्यासाठी पशुवैद्यांकडे असते तशी १ ते ७ अंकांची पट्टी वापरतो. १ म्हणजे कडक खडे, ७ म्हणजे निव्वळ पाणी. २ आणि ३ ला आम्ही ठीक म्हणतो : आकार धरलेला, उचलता येणारी, जमिनीवर फारसा डाग न ठेवणारी.

भाग मोजायला वाटी चालत नाही. जुन्या खाण्याचे दाणे मोठे आणि हलके, नव्याचे बारीक आणि जड. त्याच वाटीत नवं खाणं वजनाने बरंच जास्त बसतं, त्यात चरबी जास्त असेल तर उष्मांक आणखी वाढतात. पिल्लाचं पोट बिघडण्याचं एक मोठं कारण साधं अति खाणं हेच असतं आणि बदलाच्या दिवसांत ते वाटीआड लपतं. स्वयंपाकघरातला लहान काटा वापरून ग्रॅममध्येच मोजायचं, दिवसाचं एकूण प्रमाण पिशवीवर पिल्लाच्या वजनाप्रमाणे दिलेलं असतं. दिवसाच्या त्या खाण्याचे चार भाग करायचे.

१५ डिसेंबर

पहिली लस टोचली. आज आणि उद्या पुढची पायरी नाही. लसीनंतर पिल्लू थोडं मलूल राहू शकतं, त्यात बदलाची भर पडली तर काय कशाने ते कळणार नाही.

१८ डिसेंबर

टिपक्या, राणा आणि चिंगी निम्म्या-निम्म्यावर छान आहेत. भुरीची शी काल ५ वर गेली, आजही तशीच. पण खेळणं चालू, भूक चालू, उलटी नाही, हिरड्या गुलाबी आणि ओल्या. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर जाते, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं नाही.

भुरीला मागच्या पायरीवर नेलं, तीन भाग जुनं. प्रत्येक जेवणात उकडून कुस्करलेला लाल भोपळा चमचाभर, मीठ न घालता. बाकी काही नाही. औषध नाही.

२१ डिसेंबर

भुरी कालपासून ३ वर आहे, आज पुन्हा निम्म्या-निम्म्यावर. तिच्यामुळे कागदातली सगळ्यात महत्त्वाची सुधारणा झाली. तक्त्यातले दिवस आम्ही पेन्सिलीने खोडले आणि लिहिलं, "शी दोन दिवस सलग ठीक असेल तरच पुढची पायरी." एकाच आईची चार पिल्लं, एकाच खोलीत, एकाच ताटलीतलं खाणं, तरी तिघं एका चालीने गेली आणि एक तिच्या चालीने. दिनदर्शिका पाहून पुढे गेलो असतो तर आज भुरी दवाखान्यात असती आणि आम्ही नव्या पिशवीला नावं ठेवत बसलो असतो.

आठ आठवड्यांचं जंताचं औषधही आज दिलं.

२४ डिसेंबर

टिपक्या इंदिरानगरला गेला, राणा गंगापूर रोडला. पहिल्या दोन शिदोऱ्या. दोन्ही घरी समोर बसून सांगितलं की पहिले चार-पाच दिवस खाणं, वेळा, ताटली, काहीही बदलायचं नाही. पिल्लाने एका दिवसात भावंडं, वास, अंथरूण, आवाज सगळं गमावलेलं असतं. त्या दिवसांत निदान पोटात जाणारं ओळखीचं असू द्या.

राणाच्या घरचे आजोबा म्हणाले, "ताई, पण एक पेढा तरी?" एकही नाही. त्यांनी हसून मान्य केलं.

२७ डिसेंबर

इंदिरानगरहून फोन आला. टिपक्याला सकाळपासून थोडी-थोडी, सारखी शी होते, शेंबडासारखा चिकट भाग आहे, एकदा रक्ताची बारीक रेघ दिसली. घरचे घाबरलेले, आणि ते साहजिकच आहे.

शिदोरीचं मोल आज पहिल्यांदा कळलं. खाणं तेच होतं, मोजून तेवढंच होतं, म्हणून फोनवर पहिल्या दोन मिनिटांत खाण्याचा प्रश्न बाजूला ठेवता आला. जंताचं औषध कागदावर होतं. बाकीच्या गोष्टी विचारल्या : उलटी नाही, भूक आहे, शेपूट हलतंय, ताप नाही. थोडी-थोडी, घाईने, चिकट स्रावासकट होणारी शी मोठ्या आतड्याकडून येते, आणि जागा बदलल्याच्या ताणाने ते आतडं सुजणं पिल्लांमध्ये नेहमीचं आहे. लहान आतडं बिघडतं तेव्हा शी मोजक्या वेळा पण भरपूर आणि पाण्यासारखी होते, वजन पटकन उतरतं.

रक्त दिसलं म्हणून डॉक्टरांना दाखवायला मात्र लगेच पाठवलं. शीचा नमुना स्वच्छ डबीत घेऊन गेले. जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे सूक्ष्म परजीवी या वयात नेहमी सापडतात आणि जंताच्या साध्या औषधाने जात नाहीत. नमुना स्वच्छ निघाला. प्रोबायोटिक दिलं, अँटिबायोटिक दिलं नाही. साध्या जुलाबाला ते उगाच देऊ नये असंच आता पशुवैद्य सांगतात, कारण त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणूही जातात.

३० डिसेंबर

टिपक्या ३ वर. घरच्यांनी मधल्या दिवसांत खाणं बदललं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. काहीतरी करावंसं वाटत असताना काही न बदलता थांबणं अवघड असतं.

३ जानेवारी २०२५

ही नोंद सविस्तर, कारण जी चूक टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे, तिची ही दुसरी बाजू आहे.

आमच्याकडून न गेलेलं एक पिल्लू, अडीच महिन्यांचं, लस नाही. घरच्यांनी नवं खाणं आणलं, दुसऱ्या दिवशी जुलाब लागले. खाणंच मानवलं नाही असं धरून ते दोन दिवस भात, मग ताक देत राहिले. आमचा नंबर कोणाकडून तरी मिळाला म्हणून फोन आला. मी एकच विचारलं, "खेळतंय का?" उत्तर आलं, "कालपासून कोपऱ्यातच पडून आहे, पाणीसुद्धा उलटतंय."

तसंच दवाखान्यात न्यायला सांगितलं. चाचणीला काही मिनिटं लागली : पार्वो. १९७८ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेलेला हा विषाणू भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतो, आणि आतड्याचं अस्तर रोज नव्याने बनवणाऱ्या पेशी तशाच असतात. अस्तर झडतं, पाणी आणि रक्त वाहून जातं, आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे खाणं बदलण्याच्या आधीच विषाणू अंगात होता, नव्या पिशवीचा काही संबंध नव्हता.

कागदावर आता लाल चौकट आहे. जुलाबाबरोबर मलूलपणा, खाणं सोडणं, वारंवार उलटी, रक्त किंवा घाण कुबट वास, फिकट किंवा चिकट हिरड्या, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय नाही, त्याच दिवशी डॉक्टर. लसीचे डोस पूर्ण नसतील तर तासही घालवायचे नाहीत. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला आड येऊ शकते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. एक टोचली म्हणजे झालं, असं नसतं.

त्या घराला स्वच्छतेचंही सांगितलं. हा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो आणि फिनेलवर भरवसा ठेवता येत नाही. घरगुती ब्लीच एकास तीस पाण्यात मिसळून, घाण आधी पुसून, फरशीवर दहा मिनिटं राहू द्यायचं.

८ जानेवारी

पार्वोचं पिल्लू सलाइनवरून उठलं, आज घरी गेलं. आतड्याचं अस्तर परत भरून येईपर्यंत त्याला डॉक्टरांनी दिलेलं हलकं खाणं थोडं-थोडं, पुष्कळ वेळा द्यायचं आहे.

द्राक्षं बाजारात आली आहेत, म्हणून कागदात नाशिकपुरती एक जागा वाढवली. ज्या जिल्ह्यात अंगणात द्राक्षाचे क्रेट आणि पडवीत कांद्याचे ढीग असतात, तिथे हे मोठ्या अक्षरात हवं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक असतात. आधी उलट्या आणि जुलाब होतात, मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी होऊ लागते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी यामागे द्राक्षातलं टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. किती खाल्ल्यावर बाधेल याचा भरवशाचा हिशेब नाही, त्यामुळे एक मणीसुद्धा नाही. कांदा आणि लसूण कच्चे असोत की शिजलेले, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. मिसळीचा रस्सा, आमटी, फोडणीचा भात, सगळ्यात ते असतातच. "आमच्या ताटातलं थोडं" याचा अर्थ बहुतेक वेळा कांदा असा होतो.

१४ जानेवारी

संक्रांत. भुरीला पंचवटीत घर मिळालं. शिदोरीबरोबर सांगितलं की पाहुण्यांच्या हाताला तिळगुळाचा डबा असेल, तो उंचावर ठेवा.

१९ जानेवारी

भुरीच्या घरी मांसाहार होत नाही. त्यांनी विचारलं, घरचंच देता येईल का? प्रश्न रास्त आहे आणि नाशिकमध्ये तो पुष्कळ घरांचा आहे.

पोळी-दूध किंवा भात-वरणावर पिल्लू वाढवणं मला पटत नाही. जुलाब हे तर त्याचं लगेच दिसणारं रूप. खरं नुकसान हाडांत होतं. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम आणि फॉस्फरस विशिष्ट प्रमाणात लागतात आणि नुसत्या धान्यावर ते जुळत नाहीत. पाय वाकतात. जुलाब झाल्यावर डॉक्टर भात आणि बिनहाडाची उकडलेली कोंबडी सांगतात, तेसुद्धा तीन-चार दिवसांसाठीच. त्यावर महिनाभर ठेवणं चूक. भुरीच्या घरी वाढ पूर्ण होईपर्यंत पिल्लांचं तयार खाणं आणि वर शिजवलेला भोपळा किंवा गाजर, असं ठरलं. स्वयंपाकघरात मांस शिजवावं लागणार नाही, पिल्लाचंही भागेल.

सुट्या खाण्याबद्दलही त्यांना सांगितलं. दुकानात उघड्या पोत्यातून किलोवर मिळणारं खाणं स्वस्त पडतं, पण उघडं राहिल्याने त्यातली चरबी खवट होते, कीड लागते आणि तारीख तर कळतच नाही. लहान का होईना, बंद पिशवी घ्यावी.

२ फेब्रुवारी

कागद छपाईला दिला. एका बाजूला पिल्लाची माहिती : सध्याचं खाणं, ग्रॅम, वेळा, जंत आणि लसीच्या तारखा. दुसऱ्या बाजूला पायऱ्यांचा तक्ता, दिवसांऐवजी शीच्या अंकांवर बांधलेला. खाली लाल चौकट. आधी सगळं बारीक लिहिलं होतं, ते सिडकोतल्या काकूंनी वाचून अर्धं कापलं आणि बरं झालं. रात्री दोन वाजता रडत्या पिल्लाजवळ बसून जो वाचणार आहे, त्याला मोठी अक्षरं लागतात.

चिंगी देवळालीला जाते आहे. तिथल्या दुकानात आमचं खाणं मिळत नाही, म्हणजे बदल करावाच लागेल. त्यांना सांगितलं आहे की पहिला आठवडा जुन्यावरच काढा, शिदोरी निम्मी उरली असतानाच नवी पिशवी आणा. जुनं संपल्यावर दुकानात गेलं की मिसळायला काहीच उरत नाही. तिच्या शिदोरीत त्या हिशेबाने एक आठवड्याचं जास्त भरलं आहे.